न हलणारी गाडी

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांवर अविश्वास ठेवण्यात गेली. विमा कंपनीत क्लेम तपासायचो. दुकान जळालं म्हणणाऱ्याच्या दुकानात जाऊन राख बघायची, गाडी चोरीला गेली म्हणणाऱ्याच्या मेहुण्याच्या गॅरेजमध्ये डोकवायचं, ही माझी कामं. निवृत्त झालो तरी नाक तसंच राहिलं, म्हणून सोसायटीने मला सेक्रेटरी केलं. मुलुंड पूर्वेला आमची चार मजली इमारत आहे. या विद्याधर रत्नपारखीच्या नजरेतून सुटून तिथे कुरियरवालाही वर जात नाही. माझी बायको पद्मजा म्हणते, "अहो, तुम्ही देवळात गेलात तरी चपला सांभाळणाऱ्यावरच नजर ठेवाल." ठेवतोच. चपला त्याच्याच ताब्यात असतात ना!

ती क्रीम रंगाची गाडी गणपती विसर्जनानंतर आमच्या गल्लीत आली. शिर्डीला माणसं नेतात तसली मोठी गाडी, पण खिडक्यांना पडदे, टपावर सोलरची पाटी आणि मागच्या दाराला दोरीवर टॉवेल वाळत घातलेला. आत देवदत्त आणि अस्मिता सबनीस नावाचं जोडपं राहत होतं. आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. बोरिवलीचा फ्लॅट भाड्याने देऊन तीन वर्षं ते त्या गाडीतच संसार करत होते. गाडीचा कसला तरी पार्ट गेला होता आणि भांडुपच्या गॅरेजवाल्याने तो यायला वेळ लागेल म्हणून सांगितलं होतं.

मी खाली जाऊन चौकशी केली. माझं कर्तव्यच होतं ते.

"पुढे कुठे निघालात?"

"ठरलं नाही," देवदत्त म्हणाला. दाढी वाढलेली, अर्धी चड्डी, चेहऱ्यावर सुट्टीतल्या पोरासारखं हसू.

"निघणार कधी?"

"तेही ठरलं नाही हो. पार्ट आला की बघू."

असली उत्तरं देणाऱ्या माणसाची फाइल मी ऑफिसात वेगळी काढून ठेवायचो. खोटं बोलणारा निदान काहीतरी ठरवून येतो. ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्याला पकडायचं कुठे?

पार्ट आला, गाडी दुरुस्त झाली, तरी ती जाईना. मात्र एक मान्य करतो, शिस्त होती. आमच्या गल्लीत सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला पार्किंग असतं. रोज सकाळी देवदत्त गाडी इकडून तिकडे लावायचा. वॉचमन लवू त्याला हात दाखवून मागे घ्यायला मदत करायचा. इथवर तक्रारीला जागा नव्हती.

बिघडलं ते पाण्यावरून. अस्मिता प्यायचं पाणी मागायला आमच्या दारात आली, पद्मजाने कॅन भरून दिला, आणि दुसऱ्या दिवशी पद्मजा स्वतःच कॅन घेऊन खाली गेली. मग रोजच जायला लागली. वर आली की गाडीच्या गोष्टी. ओटा कसा ड्रॉवरसारखा बाहेर येतो, पलंगाखाली धान्याचे डबे कसे बसवलेत, राजापूरजवळ एका गावात फणस आवडले म्हणून महिनाभर कसे राहिले. मी ऐकून घेत होतो. एका संध्याकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "आपण पण जाऊ या ना. त्यांच्याबरोबर, महिनाभर. मागे दोघांची झोपायची जागा आहे."

"कुठे?"

"ते नाही ठरवायचं. चला म्हटलं की चला."

"वेड लागलंय का? घराचं वॉटरप्रूफिंग आहे. टाकी धुवायची आहे. वार्षिक मीटिंग तोंडावर आलीय."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

"बरं," म्हणाली आणि कप माझ्यापुढे ठेवला.

खरं सांगतो, मला भीती वाटली. आमच्या लग्नाला पस्तीसच्या वर वर्षं झाली, आणि त्यात मी तिला कुठे कुठे नेलं हे मोजायला एका हाताची बोटं पुरतील. काढलेली तिकिटं रद्द केली ती वेगळीच. ती कधी बोलली नाही. पण आता गल्लीत एक घर चाकांवर उभं होतं, त्यात एक पलंग रिकामा होता आणि तो तिला दाखवून झाला होता. ही माणसं माझी बायको पळवणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. हसायचं तर हसा. एकदा वाटलं ते वाटलं. गाडी गेली की हिचं डोकं ठिकाणावर येईल, असा हिशेब करून मी ती गाडी घालवायच्या मागे लागलो.

त्यातच आमच्या स्वयंपाकघराची भिंत फोडली. वरच्या मजल्यावरून गळती होती. ओट्याची फरशी उखडलेली, गवंडी आत-बाहेर करतायत, डबे-भांडी खोक्यांत भरून बेडरूममध्ये. आमच्याकडे नवरात्रात घट बसतो, आईनंतर पद्मजाच बसवते, आणि बसतो तो त्याच भिंतीच्या कोपऱ्यात. मी आधीच सांगून टाकलं, "या वर्षी राहू दे. घरात सिमेंट उडतंय, परकी माणसं फिरतायत, अखंड दिवा कोण सांभाळणार? देवी समजून घेईल."

तिने वरच्या खोक्याची झाकणं मिटली. मग म्हणाली, "बरं."

एका महिन्यात दोनदा "बरं". दुसऱ्या कुणाच्या बायकोने म्हटलं असतं तर मी लगेच संशय घेतला असता.

नवरात्राच्या आदल्या दिवशी देवदत्त सोसायटीच्या ऑफिसात आला. "सर, दहा-बारा दिवस गाडी आत, पाहुण्यांच्या जागेवर उभी करू द्याल का? एक काम आहे, गाडी हलवता येणार नाही."

"कसलं काम?"

"ते नाही सांगता येणार. शब्द दिलाय कुणाला तरी."

"कुणाला?"

"तेही नाही सांगता येणार."

"मग जागाही नाही देता येणार," मी म्हटलं आणि पंखा बंद करून उठलो.

दुसऱ्या दिवसापासून गाडी हलायची थांबली. सम तारीख असो की विषम, ती आपली निंबाच्या झाडाखाली एकाच जागी. विषम तारखेला समोरच्या बाजूलाही गाड्या लागल्या की मधून स्कूल बस जाईना. हॉर्न, शिव्या, रिक्षावाल्यांची भांडणं. ग्रुपवर मेसेज पडायला लागले. आमचे चेअरमन श्यामसुंदर वैद्य, दुसऱ्या मजल्यावरचे, फोन करून म्हणाले, "सेक्रेटरी, काहीतरी करा यार. सकाळची पार वाट लागलीय."

मी करतच होतो. सकाळ-संध्याकाळ गॅलरीतून गाडीवर लक्ष ठेवत होतो. गाडीचं दार तिथून दिसत नव्हतं, पण जे दिसत होतं ते काही साधं नव्हतं. गाडी हलायची थांबली त्याच दिवशी अस्मिता आमच्या बागेतली माती खुरप्याने काढून पिशवीत भरताना दिसली होती. आधी ती दोघं संध्याकाळी मिळून फिरायला जायची, आता एक जण बाहेर पडला की दुसरा आतच. पडदे कायम ओढलेले. पहाटे दूधवाला येतो तेव्हा बघावं तर पडद्याआड उजेड, दुपारी ढग दाटून आले की तेव्हाही उजेड. जवळून गेलं की धुपाचा वास. धूप माणूस दोन कारणांनी जाळतो, देवासाठी किंवा दुसरा वास लपवायला. आणि पडद्याआडच्या देवाला कोण एवढं लपवतं?

मी लवूला गाठलं. लवू मालवणकडचा, बोलायला मोकळा.

"काय चाललंय रे आत?"

"माका काय ठाऊक साहेब? काय तरी पेरलानी हा इतक्या खरा."

"पेरलंय? गाडीत?"

"होय तर. पाणी घालतत सकाळचा." आणि एकदम काही आठवल्यासारखा तो गेट उघडायला पळाला. गेटवर कुणीच नव्हतं.

माती, पाणी, रात्रंदिवस उजेड, बंद पडदे, वास मारायला धूप, आणि कुणाला तरी दिलेला शब्द. तुम्ही काय समजला असतात? मी समजलो गांजा. नोकरीत एकदा एका बंद कारखान्याच्या क्लेममध्ये खोलीत लावलेली झाडं मी या डोळ्यांनी बघितली होती, दिव्याखाली वाढवलेली. माझी खात्री पटली.

पण खरा धक्का घरात बसला. पंचमीच्या सकाळी पद्मजा योगाच्या क्लासहून आली आणि मला चहा दिला. तिच्या नखांत माती होती.

"हे काय?"

"तुळशीची माती बदलली," ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

ती आंघोळीला गेल्यावर मी तुळस बघितली. माती जुनीच होती, कडेला शेवाळ धरलेलं. आणि दोरीवर टाकलेल्या तिच्या ओढणीला धुपाचा वास येत होता.

पस्तीस वर्षांत ती माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. तिला या लोकांनी कशात ओढलं होतं? उद्या पोलीस आले तर त्या गाडीत माझी बायको सापडणार होती. तिला समोर बसवून विचारायला हवं होतं, एवढंच. पण विचारलं आणि ती म्हणाली असती "मी त्यांच्याबरोबर जातेय", तर? क्लेम तपासताना मी कुणालाही काहीही विचारायचो. घरात मी एक प्रश्न टाळला.

म्हणून मी फोन केला तो वाहतूक पोलिसांना. गांजाचं नाव काढलं नाही, तिच्यासाठीच काढलं नाही. फक्त म्हणालो, चुकीच्या बाजूला गाडी आहे, पाच दिवस झाले, स्कूल बस अडते, फोटो पाठवतो. गाडी उचलून नेली की प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी तारीख विषमच होती. हवालदारांना घेऊन क्रेन सकाळी साडेनऊच्या सुमाराला आली. पद्मजा क्लासला गेलेली, अस्मिता बाजारात, देवदत्त गाडीच्या पायरीवर बसलेला. क्रेन बघून तो धावतच आला. "साहेब, दंड करा, वाटेल तेवढा करा. पण गाडी उचलू नका. दसऱ्यापर्यंत ती फूटभरही हलायला नको."

"का?" मी मध्ये पडलो. तोवर चेअरमन, दोन-चार शेजारी, इस्त्रीवाला, सगळे जमले होते. "सांगा ना सगळ्यांसमोर. काय आहे आत?"

तो माझ्याकडे असं बघत राहिला, जणू दगड मी मारणार होतो आणि लागणारही मलाच होता. "रत्नपारखी, तुम्ही तरी असं करू नका."

"उचला हो," मी क्रेनवाल्याला म्हटलं.

लवू गेटवरून ओरडला, "साहेब, नको!" मी वळूनही पाहिलं नाही. त्यांनी पुढच्या चाकांखाली पट्टा टाकला. साखळी ताणली गेली आणि गाडीचं नाक वर उठायला लागलं.

"थांबा!" आतून आवाज आला. "थांबा हो, दिवा!"

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

क्रेनवाल्याने साखळी सैल सोडली. दार मीच सरकवलं. आत पद्मजा गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही हातांची ओंजळ समईच्या ज्योतीभोवती धरून. कलंडलेल्या समईतलं तेल तिच्या मनगटावरून ओघळत होतं. तिच्यापुढे पाटावर परडी, परडीत काळी माती, मातीत चार बोटं वाढलेलं पिवळसर धान आणि मधोमध आमचा तांब्याचा कलश. त्याच्या एका बाजूला पोचा, आईच्या हातून पडला होता तेव्हाचा. वर गाडीच्या टपाला आकडा मारून त्यावरून माळा सोडलेल्या होत्या.

मी म्हटलं, "हे काय?"

"घट," ती म्हणाली. "ओळखला नाहीत?"

नाही ओळखला. ज्या घरात जन्मल्यापासून घट बघितला, त्या घरचा मी. माती, पेरणी, पाणी, न विझणारा दिवा, दिव्यापाशी सतत कुणीतरी, आणि बसला की जागचा हलवायचा नाही. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी त्यातून गांजा पिकवला. ती सहा दिवस उपास करत होती, तोही दिसत होता. म्हटलं, सवयीने करत असेल.

क्रेनवाल्याने वाकून आत बघितलं, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. "आम्ही नाही हात लावणार, साहेब," तो माझ्याकडे न बघता म्हणाला आणि पट्टा सोडवायला लागला. हवालदारांनी दंडाची पावती फाडली. बाकीचे शेजारी हळूहळू पांगले. मी मेल्याहून मेल्यासारखा तिथेच उभा.

"मला सांगायचं होतंस," मी आत वाकून हळू आवाजात म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही चौकशी केली असती. दिव्याची, तेलाची, गाडीच्या विम्याची." ती समई सरळ करत होती. ज्योत शाबूत होती. "घरी नको म्हणालात ना. मग मी दुसरं घर बघितलं. यांना मीच सांगितलं होतं, कुणाला बोलू नका म्हणून."

"हात भाजलाय तुझा. बघू."

"राहू दे," ती म्हणाली. "दार लावा, वारा येतोय."

मी दार लावलं.

पुढे दसऱ्यापर्यंत मी रोज सकाळी स्वतः रस्त्यावर उभा राहिलो. स्कूल बस आली की समोरच्या गाड्यांचे आरसे मिटायचे, रिक्षा थांबवायच्या, बसला हात दाखवत इंच इंच पुढे काढायचं. लवू शिट्टी वाजवायचा. घाम निथळायचा, पण बरं वाटायचं. दंडही मीच भरला. मला वाटलं, भरपाई झाली. संध्याकाळी मीही आत जाऊन आरतीला उभा राहिलो. अस्मिताने मला बसायला तो पलंग दिला, दोघांचा, रिकामा. मऊ होता. पद्मजा त्या चिंचोळ्या जागेत इतकी सराईतपणे वावरत होती की कुठला डबा कुठे आहे हे तिला बघावंही लागत नव्हतं.

दसऱ्याला सकाळी तिने घट उठवला. धान उपटून थोडं देवीला वाहिलं, थोडं देवदत्तच्या टोपीत खोचलं. मी टोपी घालत नाही, माझ्या कानामागे खोचलं. हात लागला तेव्हा मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसला.

मी कलशाकडे हात केला. "दे, वर घेऊन जातो. भिंत झालीय आता, रंगच राहिलाय."

"तांब्या राहू दे इथेच," ती म्हणाली.

तेव्हा मला पलंगाखाली तिची निळी बॅग दिसली. धान्याच्या डब्यांशेजारी नीट लावून ठेवलेली. आज ठेवलेली नव्हती, तिच्यावर धुपाची राख पडली होती.

"निघालीस?"

"दसरा आहे. सीमोल्लंघन आजच करायचं असतं ना."

"कधी येशील?"

"ठरलं नाही." रागाने नाही म्हणाली, चहात साखर किती हे सांगावं तसं म्हणाली. "रंगवाला उद्यापासून येईल, त्याच्यावर लक्ष ठेवा. टाकी धुवायची आहे. मीटिंग आहे तुमची."

माझीच कारणं. एकही विसरली नव्हती.

मी पायरीशी उभा राहिलो. ती "चला" म्हणेल म्हणून उभा राहिलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. कपडे नव्हते, गोळ्या वर होत्या, तरी म्हणाली असती तर तसाच चढलो असतो असं मला वाटतं. पण ती ते एकदा म्हणून चुकली होती, चहा गाळताना. आता माझी पाळी होती, "मी येऊ का?" एवढे तीन शब्द. ते सोडून मी म्हणालो, "पोचल्यावर फोन कर."

"कुठे पोचल्यावर?" असं विचारून ती हसली. मग दार सरकलं.

देवदत्तने गाडी मागे घेतली. लवूने हात दाखवला, "येवा, येवा, सरळ येवा." पडदे उघडे होते, मागच्या काचेतून ती दिसत होती. तिने हात हलवला, मीही हलवला. गाडी हायवेच्या दिशेने वळली आणि निंबाखाली कोरडा, पानं न पडलेला एक लांब चौकोन उरला.

मी वर आलो. खिशात फोन वाजत होता. ग्रुपवर चेअरमननी निंबाखालच्या मोकळ्या जागेचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, "अखेर गाडी गेली! आपल्या सेक्रेटरींच्या पाठपुराव्याला यश. मनःपूर्वक आभार, आणि दसऱ्याच्या शुभेच्छा." त्याखाली टाळ्या, अंगठे, फुलं. कुणीतरी झकासही लिहिलं होतं.

मी कानामागचं धान काढलं. ते ठेवायला देव्हारा खोक्यात होता. स्वयंपाकघरात नव्या भिंतीला ओल्या सिमेंटचा वास येत होता आणि कोपरा रिकामा होता. मग मी ग्रुपवर सगळ्यांना नमस्काराचं चिन्ह पाठवलं आणि दाराला आतून कडी लावली.